एमिल बरानेकचं हलतं तळघर

एमिल बरानेक सव्वीस वर्षं आपली काडतुसं घरीच भरत होता. यात नवल नाही, खूप जण भरतात. एमिल ती सामना चालू असताना घरी जाऊन भरत होता.

बार्कर्स रन रायफल क्लबचा सामना महिन्यातून एका शनिवारी व्हायचा. शंभर यार्डांवर कागद लावायचा. सात मिनिटांत पाच गोळ्या झाडायच्या. पाचही एकाच भोकातून जायला हव्यात. ज्याचं भोक सगळ्यात लहान, तो जिंकला. मग अर्धा तास विसावा आणि पुन्हा तेच, दिवसातून पाच वेळा. यासाठी इथल्या माणसांनी नोकऱ्या बदलल्या आहेत, मुलींची लग्नं पुढे ढकलली आहेत. जिंकणाऱ्याला खारवलेली डुकराची मांडी मिळते.

त्या अर्ध्या तासात बाकीचे चौदा जण मागच्या पत्र्याखाली जमायचे. प्रत्येकाजवळ एक लाकडी पेटी. पेटीत हातभर प्रेस, दोन साचे आणि बंदुकीची दारू मापायचं माप. नुकत्याच उडालेल्या पितळी पुंगळ्या ते तिथेच पुन्हा भरायचे. तळाची जुनी टिकली काढायची, नवी बसवायची, दारू ओतायची, वर गोळी दाबायची. तोंडाने गप्पा आणि सँडविच चालूच.

एमिल पाच रिकाम्या पुंगळ्या शर्टाच्या खिशात टाकायचा, ट्रकमध्ये बसायचा आणि निघायचा. लोखंडी पुलावरून घर चार मिनिटांवर. तळघरात उतरून भरायला पंधरा मिनिटं. खिडकीतून त्याची बायको डोलोरेस सँडविच आत सरकवायची. परत चार मिनिटं. सामना चालवणाऱ्या मार्लीन कोझारने पुढच्या फेरीचा भोंगा फिरवायच्या आत हा चार नंबरच्या टेबलाशी हजर.

"जास्त पुंगळ्या घेऊन घरूनच भरून का आणत नाही?" एखादा पाहुणा विचारायचा.

"सारख्या वजनाच्या पाचच निघाल्या," एमिल सांगायचा. "हजारांतून."

पाहुणा मग दुसरं काही विचारायचा नाही.

एमिल नोकरीत असताना जिल्ह्याचा वजनमाप तपासनीस होता. वाण्याचे तराजू, पेट्रोलचे पंप, कोळशाच्या ट्रकांचे काटे. बरोबर निघालं की हिरवं स्टिकर, चुकीचं निघालं की लाल. लाल लागलं की त्या काट्याला हात लावायचा नाही. चर्चच्या मासळीच्या जेवणाला वापरायचा काटा त्याने ऐन गुड फ्रायडेला बंद केला होता. पाद्री हात जोडत होते. एमिलने स्टिकर लावलं, गुडघे टेकून प्रार्थना केली आणि मासळी न खाता घरी आला.

म्हणून लाकडी पेटीवाले त्याला पटत नव्हते. ते दारूचं वजन करत नव्हते. मापाचा दांडा वर करायचा, खाली करायचा, नळीतून दारू पुंगळीत पडते. झालं. सगळीकडे हीच रीत. विक्रमसुद्धा असेच झालेत.

"मापाने दूध घालतात," एमिल म्हणायचा.

"आणि तू काय घालतोस, सोनं?" वेंडल स्ट्रूप विचारायचा.

वेंडल पाच नंबरच्या टेबलावर बसायचा. वय चौऱ्याहत्तर, एमिलपेक्षा तीन वर्षांनी मोठा. पाच नंबरवर दुपारी डोळ्यांत ऊन येतं. चार नंबरवर झाडाची सावली असते. चार नंबरचं काँक्रीट एमिलने स्वतःच्या हाताने ओतलं होतं, सत्त्याऐंशी साली. ते टेबल कधी रिकामं झालं तर आपल्याला मिळावं, म्हणून वेंडलने मार्लीनच्या यादीत नाव घातलं होतं. त्याला अकरा वर्षं झाली. यादीत दुसरं नाव नव्हतं.

जूनमध्ये लोखंडी पुलाला गंज चढल्याचं निघालं. जिल्ह्याच्या माणसाने लाल स्टिकर लावून पूल बंद केला. डोलोरेस म्हणाली, "अरे, तक्रार कर. तुझ्या ओळखीचे आहेत ना तिथे?"

"लाल म्हणजे लाल," एमिल म्हणाला.

आता वळसा घालून एकोणीस मिनिटं लागायची. जायला एकोणीस, यायला एकोणीस. जूनच्या सामन्यात एमिल परत आला तेव्हा टेबलांवरून धूर निघत होता. चार नंबर रिकामं. मार्लीनने खिळ्याला टांगलेली वही काढून नोंद केली. नियम सगळ्यांना पाठ होता. एका हंगामातल्या दोन सामन्यांत भोंगा चुकला तर टेबल गेलं. यादीतल्या पहिल्या माणसाला मिळालं.

"एक झाली, एमिल," मार्लीन म्हणाली.

"माझीही एक झालीय," वेंडल म्हणाला. एप्रिलमध्ये त्याला मुतखड्याची कळ आली होती आणि टेबलावरून उचलून दवाखान्यात नेलं होतं. नोंद मात्र झाली होती.

जुलै-ऑगस्टमध्ये क्लब बंद असतो. निशाणामागच्या टेकडीवर शेजाऱ्याच्या गाई चरायला येतात. सप्टेंबरचा सामना हंगामातला शेवटचा. तेवढे दोन महिने एमिलच्या हातात होते. मैदानावर नेता येईल असं सामान निवडायचं, नाहीतर चार नंबर सोडायचं.

त्याने आधी अडकित्त्यासारखी हातप्रेस आणली. दोन दांडे, मध्ये पुंगळी, दाबलं की काम. खिशात मावेल एवढी. स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्याने ती चालवून पाहिली. डोलोरेस कोबी आणि शेवयांची हलुश्की परतत होती.

"छान आहे की," ती म्हणाली. "मला अक्रोड फोडायला दे."

"प्रेस ठीक आहे. तराजूचं काय?"

इथून सगळं सुरू झालं. तराजू मैदानावर न्यायचा, तर वाऱ्याने काटा डुलणार. म्हणून तो काचेच्या पेटीत ठेवायचा. घरात डोलोरेसची माशांची जुनी टाकी होती. मासे ख्रिसमसलाच गेले होते. टाकी ठेवायला टेबल हवं. घडीचं टेबल आणलं, ते लटपटलं. एमिलने प्रेस ट्रकच्या मागच्या फळीला शिकंजा लावून बसवली, टाकीही तिथेच ठेवली. दांडा दाबला की ट्रक स्प्रिंगांवर डुलायचा. डुलला की तराजूही डुलायचा. ट्रकमध्ये वाळूची पोती भरली. ट्रक डुलायचा थांबला, पण एका बाजूला कलला. दुसऱ्या बाजूला पोती टाकली. मग टायर बसले.

वेंडल संध्याकाळी बघायला यायचा. अंगणात खुर्ची टाकून बसायचा.

"तराजू घरी ठेव," तो म्हणायचा. "बाकी सगळं एका पेटीत मावतं."

"तुला चार नंबर हवंय."

"हवंय ना. अकरा वर्षं हवंय. तरी सांगतोय, तराजू घरी ठेव."

एमिलला त्याचा संशय यायचा. ज्याला आपलं टेबल मिळणार, तोच सल्ला देतोय. आणि सल्ला बरोबर असेल तर आणखीच संशय.

जुलैच्या अखेरीला त्याने अंगणात तापमापक टांगला. तळघरात बारमाही गारवा. बाहेर अंगण तापलेलं. दारू गरम झाली की वेगळी जळते, हे सगळ्यांना माहीत आहे. तराजूची दांडीही तापते, हे फक्त एमिलला माहीत होतं.

"मग तळघरच घेऊन जा ना सोबत," डोलोरेस म्हणाली.

ती टोमणा मारून आत गेली. एमिल दोन दिवस त्यावर विचार करत होता.

तिसऱ्या दिवशी तो एक बंद ट्रेलर घेऊन आला. घोड्यांचा होता, वास येत होता. त्याने तळघरातलं ओकचं टेबल करवतीने कापून वर आणलं, कारण जिन्यातून अख्खं निघेना. खालची दगडी फरशी पहारीने उचकटली. चार फरश्या. त्या ट्रेलरमध्ये अंथरल्या, वर टेबल पुन्हा जोडलं. टेबलावर मोठी बिडाची प्रेस, बाजूला माशांची टाकी, टाकीत तराजू. ट्रेलरला चारी कोपऱ्यांत जॅक लावले. पाणसळ आणली. भिंतींना आतून थर्मोकोल लावला. बर्फाच्या दोन पेट्या ठेवल्या. गावाबाहेरच्या कोळशाच्या काट्यावर त्याने सगळ्याचं वजन करून पावती घेतली. तीन हजार एकशे चाळीस पौंड.

"हलतं ना?" तो डोलोरेसला म्हणाला.

"हलतं," ती म्हणाली. "माझ्या तळघराला आता जमीन नाही."

ऑगस्टमध्ये खरी आपत्ती आली. तळघरातला जुना तराजू प्रवासात बिघडू नये म्हणून एमिलने ट्रेलरसाठी नवा घेतला होता. दोन्ही शेजारी ठेवून तेवढीच दारू तोलली. आकडे जुळेनात. फरक थोडासा. पण एमिलच्या लेखी थोडासा फरक असं काही नसतंच.

"नवाच चुकीचा आहे," तो म्हणाला.

तरी त्याने नोकरीतली वजनं काढली. पितळी, मखमलीच्या डबीतली, सरकारी शिक्क्याची. तीस वर्षं यांनीच त्याने इतरांचे तराजू तपासले होते. स्वतःचा कधीच तपासला नव्हता. तशी वेळच आली नव्हती. तो तर त्याचा होता.

नवा बरोबर निघाला.

डोलोरेस खाली आली तेव्हा एमिल जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसला होता. समोर उघडी माती. मांडीवर जुना तराजू. तराजूवर लाल स्टिकर.

"सव्वीस वर्षं," तो म्हणाला.

"आणि भोकं?"

"काय?"

"सव्वीस वर्षं भोकं लहानच यायची ना? सहा वेळा मांडी आणलीस. दर वेळी मार्चपर्यंत मांडीच खाल्ली आपण."

काटा चुकत होता, पण रोज सारखाच चुकत होता. हा विचार एमिलच्या मनात आला. त्याने तो झटकला. असाच बचाव वाणी करायचे.

सप्टेंबरच्या सामन्याला एमिल पहाटेच मैदानावर पोचला. ट्रेलर पत्र्यामागे लावला. जॅक टेकवले. पाणसळीचा बुडबुडा मध्यावर आणायला दोन तास गेले. पहिल्या फेरीची पाच काडतुसं त्याने घरून भरून आणली होती, नव्या तराजूवर तोलून. पाच गोळ्या, एक भोक. मार्लीनने मोजलं. नेहमीएवढंच.

आता अर्धा तास. एमिल खिशात पाच पुंगळ्या टाकून ट्रेलरकडे चालू लागला. सवयीने त्याचे पाय आधी ट्रककडे वळले. मग तो थांबला आणि ट्रेलरमध्ये चढला. बाकीचे तेरा जण आपापल्या पेट्या उघडून भराभर भरू लागले. कोणालाच हे दृश्य चुकवायचं नव्हतं. वेंडल तर टिकल्या बसवून, पुढचं भरायचं सोडून, पेटी आणि पुंगळ्या काखेत घेऊन थेट दाराशी आला.

एमिलने टिकल्या बसवल्या. मग दोन्ही हात वरून टाकीत घालून दारू तोलू लागला. टाकीला वरून झाकण नव्हतं. दारातून वारा यायचा आणि काटा डुलायचा.

"दार लावून घे," एमिल म्हणाला.

वेंडल आत आला आणि दार लावलं. अंधार झाला. एमिलने टाकीवर डोलोरेसचा इस्टरचा टेबलक्लॉथ टाकला आणि स्वतःचं डोकं त्याखाली घातलं.

"वेंडल, टॉर्च धर."

"कुठे?"

"टाकीत. काचेतून. डोळ्यात नको, काट्यावर."

वेंडलने टॉर्च धरली. गारठ्याने त्याचे दात वाजत होते. "एमिल, इथे मांस टांगता येईल."

"बोलू नकोस. श्वास लागतो काट्याला."

दोघेही श्वास रोखून उभे राहिले. काटा हळूहळू स्थिरावू लागला. तेवढ्यात दरीतून कोळशाची मालगाडी आली. या मार्गावर शनिवारी मालगाडी जाते हे दोघांनाही जन्मापासून माहीत होतं. घरच्या तळघरात ती कधी जाणवली नव्हती. इथे चारही जॅक थरथरू लागले. फरश्या थरथरल्या. काटा वेड्यासारखा नाचू लागला.

"किती डबे असतील?" टेबलक्लॉथखालून आवाज आला.

"मोजतोय," वेंडल म्हणाला. "चाळीस झाले. शेवटचा डबा अजून दिसत नाही फटीतून."

एकशे बारा डबे गेले. एमिलने डोकं बाहेर काढलं. त्याचे केस उभे होते. भोंग्याला नऊ मिनिटं उरली होती आणि एकही पुंगळी भरलेली नव्हती.

वेंडलने आपली पेटी ओकच्या टेबलावर ठेवली. माप काढलं. दारू दोघांचीही एकाच डब्यातली असायची, मापही दोघांना चालेल असंच लावलेलं होतं. त्याने ते एमिलच्या पुढे सरकवलं.

"वजन न करता?" एमिल म्हणाला.

"न करता."

"मला जमणार नाही."

"दांडा वर, दांडा खाली. माझी नात करते. सात वर्षांची आहे."

एमिलने मापाकडे पाहिलं. ओठ हलले. प्रार्थना असावी. मग त्याने डोळे मिटले, दांडा वर केला, खाली केला. दारू सरसरत पडली. त्याने डोळे उघडून पुंगळीत पाहिलं.

"किती पडली?"

"पुरेशी."

"पुरेशी हा आकडा नाही, वेंडल."

तरी त्याने पाचही भरल्या. गोळ्या दाबल्या. प्रत्येक काडतूस कानाशी धरून हलवून पाहिलं, कशासाठी ते त्यालाच ठाऊक. सवयीने तयार काडतुसं त्याने टाकीत ठेवली, वाऱ्यापासून जपून, आणि वर टेबलक्लॉथ ओढला. मग त्याचं लक्ष टेबलाच्या कडेला गेलं. तिथे पाच पुंगळ्या रांगेत उभ्या होत्या. वेंडलच्या. रिकाम्या.

"तू भरली नाहीस?"

"टॉर्च धरली होती ना."

"तीन मिनिटं राहिलीत."

"मग जा तू. पळ."

"तुझी एप्रिलची एक झालीय. ही दुसरी होईल."

"होईल तर होईल," वेंडल म्हणाला. "पाच नंबरच तर आहे. डोळ्यांत ऊन येतं तिथे."

सव्वीस वर्षं एमिल भोंग्याशी शर्यत लावत आला होता. ट्रेलरपासून टेबलापर्यंत किती पावलं, किती सेकंद, हे त्याला मनात मांडावं लागत नव्हतं. तीन मिनिटांत एक जण पोचत होता. त्याने मापाचा दांडा धरला.

"साचा घे," तो म्हणाला. "मी ओततो, तू दाब."

वर, खाली. वर, खाली. या वेळी त्याने डोळे मिटले नाहीत. आत पाहिलंही नाही. शेवटची गोळी बसताच त्याने वेंडलला दारातून अक्षरशः ढकललं. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस मुठीत पाच काडतुसं घेऊन गवतातून पळत सुटला. पत्र्याखालचे तेरा जण ओरडत होते, "वेंडल! वेंडल!"

एमिलने टाकीत हात घातला. टेबलक्लॉथची झालर शर्टाच्या बटणात अडकली. त्याने ओढलं. सुटेना, म्हणून त्याने टाकीच उचलली. पोटाशी माशांची टाकी, त्यावर इस्टरची ससुल्यांची नक्षी, आत पाच काडतुसं आणि एक तराजू, असा तो टेबलांमागच्या पांढऱ्या रेषेपर्यंत आला.

मार्लीनने भोंगा फिरवला. वेंडल टेबलावर होता. एमिल दोन पावलं मागे.

गोळीबार संपेपर्यंत तो तिथेच उभा राहिला. मग मार्लीनने वही काढली.

"एमिल बरानेक. दुसरी. चार नंबर रिकामं."

"माझं नाव खोड त्या यादीतून," वेंडल म्हणाला.

"शाईने लिहिलंय."

"मग मी नको म्हणतो!"

"नियम आहे," हे एमिल म्हणाला. "बस तू. लाल म्हणजे लाल."

मार्लीनने लिहिलं. चार नंबर, वेंडल स्ट्रूप. मग तिने पेन्सिल कानामागून काढली, पुन्हा ठेवली, पेनच घेतलं. "म्हणजे पाच नंबर रिकामं झालं. यादीत कोण आहे?"

तिने पान उलटलं. मागची बाजूही पाहिली. कोणी नव्हतं.

"माझं लिही," एमिल म्हणाला. टाकी अजून त्याच्या पोटाशी होती.

"कधीपासून?"

"आत्तापासून."

मार्लीनने घड्याळ पाहून वेळ टाकली. मग आणखी एक मिनिट थांबली, कारण यादीत नाव असलेला माणूस निदान थोडी तरी वाट पाहतो. "मिळालं," ती म्हणाली. "पाच नंबर."

तिसऱ्या फेरीला दोघे जागा बदलून बसले. एमिलच्या डोळ्यांत ऊन येत होतं. त्याच्याजवळ ती पाच काडतुसं होती, न तोललेली. शेजारी सावलीत वेंडलने रायफलची तिवई टेकवली. ती डुगडुगली. त्याने फिरवून ठेवली. पुन्हा डुगडुगली. त्याने टेबलावर गाल टेकवून एक डोळा मिटून पाहिलं.

"एमिल."

"हं."

"हे टेबल कलतंय."

"डावीकडे," एमिल म्हणाला. "सत्त्याऐंशीपासून."

"अकरा वर्षं मी या टेबलासाठी... तू ओतलंस ना हे? तू? पाणसळ घेऊन?"

"त्या दिवशी मालगाडी गेली होती."

मार्लीनने भोंग्याच्या दांड्याला हात घातला. एमिलने मागच्या खिशातून एक जाडसर, मळकं, दाबून चपटं झालेलं पॅड काढलं आणि दोन टेबलांमधून वेंडलकडे सरकवलं.

"तिवईच्या डाव्या पायाखाली घाल. मी तेच घालायचो."

वेंडलने ते उलटून पाहिलं. जिल्ह्याच्या शिक्क्याची स्टिकरं होती. सगळी हिरवी.

"घाल लवकर," एमिल म्हणाला, आणि उन्हात डोळे बारीक करून पहिलं काडतूस आत सरकवलं.